सरदार एंगेरां यांनी गुडघे टेकिले, त्याची हकीकत

देवमातेचे चरणी मस्तक ठेवून लिहावयास कारण ऐसें की, वालमोरें प्रांतीचे सरंजामदार, चित्रकारांचे पोशिंदे, फ्रान्स देशीचे भूषण राजेश्री एंगेरां यांस या मोहिमेत लाभ काय होता, तो आधी सांगणे प्राप्त आहे. मठात वेदीवरी नवे चित्र लागणार, आणि त्यात देवमातेसमोर जो गुडघे टेकून दिसेल त्याचे आत्म्यास्तव मठवासी जगबुडीपावेतों नित्य प्रार्थना करणार. सरदारांची पापे बहुत आणि वय साठीपार, सबब जागा मोक्याची. शर्त एकच, की चित्राचा खर्च देणारा दाता त्यात उभा अगर बसलेला चालणार नाही.

आणि नेमके गुडघेच फितूर जाहले होते. वाताने ऐसे धरिले की दहा वर्षे सरदार कोणापुढे वाकले नव्हते, आणि लोक त्यास बाणा समजत. त्यात चित्रकार कोलार याचा हट्ट, की डोळां देखिल्याविना रेघ ओढणार नाही. मग मसलत होऊन चढाई केली, आणि सरदार खाली गेले, आणि फत्ते जाहली ऐसे वाटले, आणि मग वर येईनात. चार हुजरे व एक पाद्री खर्ची घालून उठविले. त्या समयी सरदारांनी संतांची नांवे ज्या रीतीने घेतली, ती येथे लिहीत नाही.

तेव्हां सरदारांच्या पत्नी बाईसाहेब माओ यांनी गोबीन परटिणीस बोलावणे धाडिले, की नदीकाठी तीस वर्षे गुडघ्यांवर काढिलेली ऐसी दुसरी असामी मुलखात नाही. सरदारांचा जरीचा झगा तिजवर चढविला.

"अगंबाई, याचा गळा कधी धुतलाच नाही का?"

"हलू नकोस," कोलार खेकसला.

"मी कुठं हलतेय? तुमचाच कुंचला थरथरतोय, दादा."

तीन दिवस ती तैसीच राहिली. कोलाराने मुख सरदारांचे काढिले, आणि बाकी जे देखिले ते काढिले.

चित्र मठी पावले. मठाधिपतींची नजर हातांवर ठरली, की राखेच्या पाण्याने भेगाळलेले हे हात तर वेदीची वस्त्रे धुणारे. मग निवाडा दिधला, की जो टेकला त्याची प्रार्थना. सरदारांस हवी असेल तर त्यांनी सर्वांदेखत, पूजेच्या आरंभापासून अखेरपावेतों टेकावे.

पूजेचे दिवशी सरदारांनी गोबीनीस जवळ बोलाविले.

"किती दुखतं गं?"

"पहिली वीस वर्षं, सरकार. मग कळत नाही."

सरदार टेकले. घाम वाहिला, त्यास लोकांनी भक्तीचे अश्रू मानिले. पूजा संपतां गोबीनीने काखेत हात घालून एकटीने उचलिले. "उठा, बाबा. ओली चादर याहून जड असते."

मठाधिपतींनी प्रार्थनेत दोघांची नांवे दाखल केली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले गुडघे चार. सरदारांचे दोन, एका पूजेपुरते. गोबीनीचे दोन, तीन दिवस, आणि शिवाय चौथा, कारण झगा धुवावयास तिजकडेच आला.