‘येते’ म्हणोन आरिणी गेली

चिरंजीव अखंड-उत्साहमंडित रुमानाबी, वास्तव्य सांगली, यांसी सेवक भाऊसो, निवृत्त ग्रंथपाल, मुक्काम सातारा, याचे सविनय लिहिणे ऐसे जे, आपले पत्र पावले, पावून बहुत दिवस लोटले आणि उत्तर गेले नाही. पत्रात मजकूर इतकाच होता की, ‘काका, येते म्हणजे येते का जाते? एका ओळीत कळवा. अंकिता बेंगळुरूला निघायच्या आत कळवा.’ सेवकाने ती एक ओळ लिहावयास घेतली आणि खोडली, मग पुन्हा लिहिली आणि पुन्हा खोडली, मग शब्दकोश उघडला आणि ‘येणे’ या शब्दाचे अर्थ वाचता वाचता आमटी थंड जाहली. अर्थ इतके निघाले की सेवकास मराठी येते की नाही, याचीच शंका उत्पन्न जाहली. सबब ती ओळ तूर्त बाजूस ठेवून प्रकरण मुळापासून जैसे घडले तैसे लिहितो. आपलेच वर्तमान आपणास परक्याचे म्हणोन सांगणे विचित्र दिसेल, परंतु ऐशा लिखाणास शिरस्ताच तो. चूक झाली असल्यास माफी असावी. झालीच असेल.

कलहाचे कारण ऐसे की, परमुलखातील चित्रकारांनी ‘मेघदुर्ग’ नामे चित्रमालिका निर्माण केली आणि ती मराठी बोलीत उतरोन मोबाइलमार्गे आपल्या प्रांती दाखल जाहली. तीत आरिणी नामे कन्या, ढगांवरील किल्ला राखणारी, आणि तिजबरोबर बुटकी नामे शेळी, इमानी परंतु अत्यंत हट्टी, ऐशा दोघी राक्षसांशी झुंजत. पुढे अखेरचा भाग आला. त्यात आरिणी उजेडाच्या दरवाजात उभी राहिली, मागे वळली, बुटकीकडे पाहोन ‘येते’ इतकेच बोलली, आणि दरवाजा मिटला. मग शेळी पाला चघळीत उभी राहिली, मग शेळीचा डावा कान एकवार हलला, मग पडदा पांढरा जाहला आणि मालिका संपली. आरिणी परतली की कायमची गेली, हे कोणी सांगितले नाही. निर्मात्यांस विचारता, ज्याने त्याने आपले समजून घ्यावे, ऐसा जबाब आला. म्हणजे गंजीस काडी लावोन धनी जेवावयास गेले.

त्याजवर तमाम रसिकांत दुफळी जाहली. एक पक्ष म्हणो लागला की शेळीस आरिणीचे पाऊल ऐकू आले म्हणोन कान हलला, सबब आरिणी परतली. हे कानवाले. यांची गादी सांगलीस, आणि सेनापती खाशा रुमानाबी. दुसरा पक्ष म्हणो लागला की कानावर माशी बसली होती, ती उडविली, आरिणी गेली ती गेली. हे माशीवाले. यांचे ठाणे साताऱ्यास, आणि सेनापती कोयनानगरच्या अंकिताबाई. कोयनेकडील काहींनी, तो भूकंपाचा धक्का असावा, ऐसे तिसरे मत मांडिले; परंतु त्या मुलखात कशासही भूकंपच म्हणतात, सबब कोणी मनावर घेतले नाही.

येथे सांगणे अवश्य की दोन्ही सेनापती पूर्वी एका बाकावरच्या. साताऱ्यास शिकत असता दोघी वाचनालयात येत, समोर जाड पुस्तक उघडे ठेवीत, आणि हेडफोनचा एक गोळा एकीच्या कानात व दुसरा दुसरीच्या कानात घालोन पुस्तकाआड मेघदुर्ग पाहात. सेवकास ते दिसत होते. बोलावे ऐसे रोज मनात येई आणि रोज राहून जाई. पुढे रुमानाबी घरी सांगलीस परतल्या, आणि अंकिताबाईंस बेंगळुरूस चित्रांत रंग भरण्याच्या कंपनीत चाकरी लागली. त्याच सुमारास अखेरचा भाग आला, हे दुर्दैव.

मग व्हॉट्सअॅपच्या मैदानी तोंड लागले. आसिफमियां, रुमानाबींचे मामेभाऊ, मोबाइल दुरुस्तीचे मातब्बर कारागीर, यांनी मूळ परभाषेतील भाग पैदा केला, की आरिणी तेथे काय बोलली ते पाहोन निकाल करावा. पाहतात तो मुळात ती काहीच बोलत नाही, नुसता उसासा टाकिते. मराठी करणारांस तोंड हललेले दिसले, जागा रिकामी दिसली, आणि निरोपाचा प्रसंग म्हणोन त्यांनी तेथे ‘येते’ घातले. म्हणजे हे युद्ध दुनियेच्या पाठीवर फक्त मराठीत जाहले. इतरत्र लोक रडले आणि झोपी गेले. सेवकास यात लाज वाटावी की अभिमान, हे अद्याप ठरले नाही.

मग कानवाल्यांनी आटपाडीहून बिरदेव यांस साक्षीस पाचारण केले, कारण त्यांचे घरी पिढीजात शेळ्यामेंढ्यांचा कळप. बिरदेवांनी ती फीत पुनःपुन्हा पाहिली, शेळीची जात ओळखू येईना म्हणोन चित्रकारास नावे ठेविली, आणि मग साक्ष दिली की, “शेरडू हाय ते. कान हलवतंयच. त्येला दुसरा काय धंदा हाय?” हा विजय आपला, ऐसे दोन्ही पक्षांनी तत्काळ जाहीर केले.

अखेर तह करावा म्हणोन दोन्ही फौजा पेठनाक्यावर लालासाहेबांच्या मिसळीच्या हॉटेलात जमल्या. साताऱ्याकडून कंदी पेढ्यांचा नजराणा आला, सांगलीकडून भडंगाची पिशवी आली, आणि वाटाघाट पहिल्या कटाबरोबर सुरळीत चालली. मग अंकिताबाईंनी फर्मावले की, निरोप घेताना सगळेच येते म्हणतात, म्हणून सगळे परत येतात असे नाही, खोट्या आशेवर शेळीस उभे करणे हा जुलूम आहे. त्याजवर रुमानाबींस काय जाहले कळेना. त्या शेळीविषयी बोलत होत्या आणि डोळे अंकिताबाईंच्या प्रवासाच्या नव्या बॅगेकडे लागले होते. त्या बोलल्या, “तू न्हाई येणार ते सांग की सरळ. बुटकीच्या नावानं कशाला बिलं फाडतीस?”

अंकिताबाई उठल्या, पेढ्यांचा पुडा उचलला, आणि बोलल्या, “जाते मी.”

आपल्या मुलखी घरातून, दुकानातून, फार काय दवाखान्यातूनही निघणारा ‘येतो’ म्हणोन निघतो. ‘जातो’ हा शब्द कोणी उंबऱ्यावर काढीत नाही. लालासाहेबांनी हातातला डाव पातेल्यात तसाच सोडिला आणि विनविले, “आवं ताई, आसं म्हणू न्हाई. येते म्हणा. मग कुटं बी जावा.” अंकिताबाई म्हणाल्या नाहीत. पाटणची एस.टी. लागली होती, तीत बैसल्या, आणि कराडही आले नसेल तोच त्या गटातून बाहेर पडल्याची खबर सर्वांच्या फोनवर वाजली. रुमानाबी भडंगाची पिशवी मांडीवर घेऊन बैसल्या होत्या. कोणी मागितले तरी दिले नाही.

त्यानंतर पंधरवडाभर दोहींत एक अक्षर नाही. तेव्हाच आपले ते पत्र सेवकास आले. त्या एका ओळीवर आरिणीचे नव्हे, भलतेच काही अडले आहे, हे सेवकास कळले. आणि कळले म्हणोनच ओळ खोडीत बसला. ‘जाते’ लिहावे तर आपले मन मोडते, ‘येते’ लिहावे तर वचन सेवकाने देणे होते आणि पाळणे अंकिताबाईंनी.

अंकिताबाईंची गाडी मिरजेहून. म्हणजे माशीवाल्यांच्या सेनापतीस खास शत्रूच्या मुलखातून कूच करणे आले. टपालाने उत्तर वेळेत पोचणार नाही, हे ध्यानी येता सेवक स्वतः मिरजेस गेला. खिशात चिठ्ठी होती, चिठ्ठीत खाडाखोड होती. रुमानाबी आसिफमियांच्या स्कूटरवरून फलाटाशी दाखल जाहल्या, हाती तीच भडंगाची पिशवी. अंकिताबाई डब्यात चढल्या होत्या, खाली त्यांच्या मातोश्री लीलाबाई उभ्या होत्या. सेवकाने पुढे व्हावे की वजनाच्या यंत्रामागे राहावे, याचा विचार केला आणि यंत्रामागे राहिला.

दोघी सेनापती एकमेकींस पाहात राहिल्या. रुमानाबींनी, रिकामे कसे उभे राहावे म्हणोन, पिशवीतले भडंग खावयास आरंभ केला. लीलाबाईंनी दोहींस फैलावर घेतले की, “तोंडास्नी कुलपं लावलीसा व्हय गं? गाडी सुटंल की आता.” आणि गाडी खरोखर सुटली. मग अंकिताबाई दारात आल्या, दांडी धरली, आणि फलाट मागे सरो लागला तेव्हा कोणास ऐकू जावे न जावे ऐशा आवाजात बोलल्या, “येते.”

आता प्रसंग बाका. उत्तर देणे अवश्य आणि रुमानाबींचे तोंड भडंगाने गच्च भरलेले. त्या गाडीबरोबर चालो लागल्या, मग धावो लागल्या, मग गिळू लागल्या, मग शेंगदाणा आडवा गेला आणि ठसका लागला, आणि आसिफमियां पाठीत धपाटे घालीत मागोमाग धावले. फलाटाचे टोक आले. तेथे रुमानाबींनी तोंडातले उरलेले भडंग चहूदिशांस उधळीत उत्तर केले, “ये. ये गं गाढवे, ये.”

आणि पिशवी धावत्या डब्यात भिरकावली. ती लीलाबाईंनी बांधून दिलेल्या जेवणाच्या डब्यावर पडली आणि झाकण उघडले म्हणतात, परंतु पिशवी पोचली.

फलाटाच्या टोकास एक शेळी उभी होती. तिने कान हलविला. माशी होती की नव्हती हे सेवकास दिसले नाही, चष्मा खिशातच होता.

बेळगाव येण्याच्या आत अंकिताबाईंचा अर्ज गटाच्या दरबारी रुजू जाहला, ‘घ्या मला परत.’ रुमानाबींनी, अधिकार त्यांचाच असल्याकारणे, तत्काळ मंजूर केला. मागोमाग अंकिताबाईंनी चित्र धाडिले. आरिणी दारात, शेळी अलीकडे, आणि शेळीच्या तोंडी एकच अक्षर, ‘ये’. तेव्हा कानवाले म्हणाले, आमचा विजय, सेनापती परतली. माशीवाले म्हणाले, आमचा विजय, गाडी तर गेलीच. उभयतांची फत्ते झाल्याची नोंद येथे घेतली असे. शिकस्त एकट्या माशीची जाहली.

हे सर्व लिहोन सेवक आज टपाल कचेरीत आला. खिडकीवरील बाईंनी मान वर न करिता सांगितले की पाकीट आधी चिकटवा, डिंक तिकडच्या टेबलावर आहे. सेवक सवयीने बोलला, “येतो.” बाई सवयीने बोलल्या, “या.” टेबल चार पावलांवर होते. तेथे पोचेतो आपण मागितलेली ओळ सुचली, ती उभ्या उभ्या लिहितो. खोडली नाही.

चिरंजीव, ‘येते’ हे अर्धेच वाक्य आहे, उरलेले तुम्ही मिरजेस बोललात.

पाकिटाच्या पाठीवर: डिंक लाविला. पेटीपाशी उभा आहे. पत्र येते.