कलाआत्या बॅग भरतात

आमच्या पुणतांब्यात लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आधी नवरीची बॅग गावभर फिरते. रफीकभाईच्या रिक्षात मागच्या सीटवर ती एकटीच आडवी पडलेली असते. शेजारी कुणी बसायचं नाही. रफीकभाई तिला वेशीपासून नदीच्या घाटापर्यंत, तिथून स्टेशनाकडं, असे खड्ड्याखड्ड्यांतून तीन फेरे मारून आणतो. "जोरात घ्यायचं, भाई. मधी मधी ब्रेक बी मारायचे," असं कलाआत्यांनी त्याला बजावलेलं असतं. बॅग परत आली की अंगणात चटईवर उघडायची, आणि आत्या चष्मा नाकावर सरकवून एकेक साडी तपासणार. एखाद्या काठावर नखाएवढी सुरकुती सापडली की सगळी बॅग उपसायची आणि पुन्हा पहिल्यापासून भरायची. मग रफीकभाई पुन्हा फेऱ्यावर.

नव्या माणसाला वाटतं, बाई ठार वेडी आहे. मलाही वाटलं होतं. मी या गावात सून म्हणून आले त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. आत्या आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. त्या या गावच्या लेक, म्हणून सगळं गाव त्यांना आत्या म्हणतं, आम्ही सुनासुद्धा. नवरा वारल्यावर त्या माहेरी परत आल्या आणि वडिलांच्या मागं घरातल्या दोन खोल्यांमध्ये साड्यांना फॉल-पिको करत एकट्याच राहिल्या. लग्नाच्या साड्या फॉल लावायला त्यांच्याकडं येणार, म्हणून मग बॅगही त्याच भरणार, असं कधीतरी सुरू झालं असावं. आता त्यांना न विचारता कुणी लेकीची बॅग भरली, तर आत्या आठवडाभर त्या घरावरून तोंड फिरवून जातात.

त्यांचं शास्त्र मात्र पक्कं. साडीची घडी म्हणून घालायची नाही. जुन्या धोतराची मऊ सुरळी करायची आणि तिच्यावरून साडी अलगद वळवायची, म्हणजे कुठं धार पडत नाही. वर्तमानपत्र बॅगेच्या जवळपास आणायचं नाही, त्याची शाई लागते. जरीला डांबराची गोळी दाखवायची नाही, जर काळी पडते. ब्लाऊजच्या बाह्यांत रुमाल भरायचे, परकर गुंडाळून कडेला रचायचे. सगळ्यात वर सत्यनारायणाच्या पूजेची साडी, तिच्याखाली जागरण-गोंधळाची, तिच्याखाली देवदर्शनाला जायची. नवरीनं सासरी गेल्यावर बॅगेत हात घालून धुंडाळत बसायचं नाही. जे नेसायचं ते वर आलेलं असलं पाहिजे.

"मोकळी जागा ऱ्हायली की कापड पळतं, अन् कोंबलं की रडतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य, "कापडाला बी जीव हाय." हे त्या इतक्या गंभीरपणे म्हणतात की समोरचा पोरगा बॅगेवर टेकलेला असला तर घाबरून उठतो.

चाकांच्या बॅगेवर त्यांचा भारी राग. "उभ्या बॅगेत सगळं कापड खाली बसतं. वर नुसती हवा," त्या म्हणतात. म्हणून आमच्या गावची नवरी निघाली की चाकं असलेली बॅगसुद्धा दोन माणसं आडवी उचलून नेतात. नवऱ्याकडची मंडळी बघत राहतात. एकदा एक करवला म्हणाला, "आजी, चाकं आहेत हिला." आत्या म्हणाल्या, "पाय तुला बी हायेत, पन घोड्यावर बसतोसच की!" वास्तविक घोड्यावर नवरदेव बसला होता, हा बिचारा पायीच नाचत आला होता. पण तोंड उघडायची त्याची पुन्हा हिंमत झाली नाही.

आमच्या ऋतुजाचं लग्न ठरलं, तेव्हा तर आत्यांनी कहरच केला. मुलगा संगमनेरचा, घरचं सगळं चांगलं. आत्यांनी माझ्याकडून विहीणबाईंचा नंबर घेतला आणि थेट फोन लावला. "तुमच्या कपाटाचा खन किती वितींचा हाय?" विहीणबाईंना काही कळेना. त्यांना वाटलं, मुलीकडच्यांना आमचं फर्निचर पसंत नाही. रात्रीतून त्यांच्याकडं सुतार आला म्हणे! मला त्या लाजेनं जेवण गेलं नाही. आत्यांना विचारलं तर म्हणाल्या, "बॅगेतून उचललेली चवड जशीच्या तशी खनात बसाया पायजे. खन लहान असला तर मी तशी चवड लहान करीन. त्यांनी सुतार कशाला आनला?"

माझा नवरा हसून हसून लोळायचा. मी हसले नाही. मी शाळेतली मास्तरीण, तशी तापट आहे, आणि लग्नघरातल्या बाईला हसायला वेळ कुठं असतो?

लग्न दोन दिवसांवर आलं होतं. दुपारी आत्या ऋतुजाच्या खोलीत बॅग भरायला बसल्या आणि आतून कडी घालून घेतली. तळ भरताना त्यांना जवळ कुणी चालत नाही. गावात सगळ्यांना वाटतं, त्या काहीतरी मंत्र म्हणतात. मला हिरव्या बांगड्यांचा डबा हवा होता, तो त्याच खोलीत. मी दार ठोकत राहिले. शेवटी आत्यांनी कडी काढली, आणि मी डबा घेता घेता बॅगेकडं पाहिलं.

तळाशी ऋतुजाचा निळा पंजाबी ड्रेस होता. कॉलेजात घालायची तो, धुऊन धुऊन रंग उतरलेला. पण इस्त्री अशी की दुकानातून आताच आणला असं वाटावं. ओढणीसुद्धा घडी करून वर ठेवलेली.

"आत्या, हे काय?"

"ड्रेस हाय."

"ते दिसतंय मला! लग्नाच्या बॅगेत जुनेर? सासरच्यांनी बॅग उघडली तर काय म्हणतील? लेकीला जुनं देऊन बोळवली म्हणतील!"

"त्यांना दिसत न्हाई. वर धोतराचं फडकं येतंय."

"पण कशाला?"

आत्या ओढणीच्या कडा जुळवत बसल्या. मग अगदी सहज म्हणाल्या, "माघारी यायला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात मांडव उभा, दारात केळीचे खुंट, आणि ही बाई माझ्या लेकीच्या माघारी यायची तयारी करते! मी नको नको ते बोलले. अपशकुनी म्हणाले. तुमचं झालं तसं सगळ्यांचं होत नसतं, असंही म्हणाले. ते बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेल्यावर कळलं, पण मी तशीच उभी राहिले, आणि वाकून तो ड्रेस उचलला.

"ठिव खाली, मंगल," आत्या म्हणाल्या. "चुरगळंल."

आवाज चढलेला नव्हता. मला वाटलं होतं त्या रडतील, नाहीतर उठून जातील. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"लग्न होऊन चार म्हैने झालते," त्या म्हणाल्या. "काय झालतं ते आता काढत न्हाई. पहाटंच निघाले. अंगावर लग्नातली जांभळी साडी. चांगली ती एकच ऱ्हायली हुती, ती बी चुरगळलेली, पदर फाटलेला. स्टँडावर बाया टकामका बघाया लागल्या. कंडक्टर म्हनला, कुनी मारलं का बाई? आपल्या वेशीत उतरले, तिथनं घरापोत्तर चालले. मोठ्या वट्यावर मानसं बसलेली, पारावर बसलेली. कोन काय बोललं न्हाई, पन समद्यांनी बघितलं. माझ्या बापाला कळायच्या आधी गावाला कळलं. सांजंपोत्तर चार जन येऊन त्याला इचारून गेले. मग त्यो काय करनार? दुसऱ्या दिशी सकाळच्या गाडीनं मला माघारी घालवून आला. त्यानंतर अकरा वर्सं काढली तिथं."

मी खाली बसले. ड्रेस मांडीवरच होता.

"त्या दिशी माझ्याकडं एक साधं सुती पातळ असतं, घडीचं, तर? लोक म्हनले असते, लेक म्हायेरपनाला आली. कुनी इचारलं नसतं. बापाला बोलाया दोन दिवस तरी मिळाले असते."

"दोन दिवसांत त्यांनी ठेवून घेतलं असतं?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाई," आत्या म्हणाल्या. "पन दोन दिवस मिळाले असते."

बाहेर मांडववाले दोर ताणत होते, त्यांची आरडाओरड चालली होती. मग मी विचारलं, इतक्या बॅगा भरल्या, त्यातल्या कुणाला लागला का असा ड्रेस?

"तिघींना. दोघींना म्हायेरच्यांनी ठिवून घेतलं. एकीचं नंतर दुसरं लग्न बी झालं." त्या धोतराचं फडकं उलगडायला लागल्या. "तिसरीच्या आईनं जेवायला वाढलं, अन् हात धुतल्यावर म्हनली, चल, सांजंच्या गाडीला बसवते. पोर मधल्या बोळातून माझ्याकडं आली. ती सुनीता."

सुनीता मला चांगली आठवत होती. दीड वर्ष आत्यांच्या घरी होती. आम्हाला सगळ्यांना वाटायचं, पिको शिकायला आली आहे.

"तसंच वाटाया पायजे हुतं," आत्या म्हणाल्या. "ती पिको कसली शिकती! एक साडी धड केली न्हाई तिनं. नर्सिंगचा अभ्यास करायची. आता नाशकाला दवाखान्यात हाय, दिवाळीला फोन करती." मग त्या हसल्या. "पन त्या दीड वर्सात दोरीवर माझ्या लुगड्याशेजारी दुसऱ्या कुनाचे कपडे वाळायचे. लई बरं वाटायचं बघ. कुनी कपडे धुतले की मी उगंच बाहेर जाऊन बघून यायची."

पंचवीस वर्षं या बाईच्या भिंतीला भिंत लावून राहिले, आणि तिच्या दोरीकडं एकदाही नीट बघितलं नाही, याची मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

"आत्या, मघाशी मी बोलले ते..."

"ते ऱ्हाऊ दे. आईच हायेस, बोलनारच." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हे बघ, मंगल. ड्रेस भरायचं काम माझं. दार उघडायचं काम तुमचं. म्हून मी आईबापाला दाखवत न्हाई. लई जनींना ड्रेस दिसला की आधी लोक दिसत्यात."

मला कुणी मुस्काटात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. कारण ड्रेस पाहिल्याबरोबर मी काय म्हणाले होते? सासरचे काय म्हणतील. पोरीचं काय होईल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी ड्रेसची घडी घालायला लागले. एक बाही आत, एक बाही बाहेर. आत्यांना ते बघवेना. "आन इकडं," म्हणत त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. "मास्तरनी हाय म्हनं! बाह्या अशा घालत्यात व्हय?"

लग्न पार पडलं. दुपारची पंगत उठली, आणि ऊन उतरायला लागल्यावर पाठवणीची वेळ झाली. आत्या गाडीच्या डिकीपाशी उभ्या राहून दोन पोरांना बॅग आडवी ठेवायला लावत होत्या. "उलटी न्हाई रं! मूठ तुझ्याकडं!" हे आम्हाला रडतानाही ऐकू येत होतं.

बाया एकेक करून ऋतुजाला जवळ घेत होत्या. दिल्या घरी सुखी राहा, असं प्रत्येकजण म्हणत होती. माझी पाळी आली तेव्हा मलाही तेच म्हणायचं होतं. पण मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "बॅगेच्या तळाशी तुझा निळा ड्रेस आहे."

ऋतुजानं डोळे पुसले. "माहितीये, आई. कलाआत्यांनी सकाळीच सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणाल्या, कधी वेळ आली तर तो घालून ये, कुणाला काही कळणार नाही." तिनं आवाज खाली आणला. "आणि म्हणाल्या, आईनं दार नाही उघडलं, तर माझं आहे."

एवढ्या माणसांत मला आत्यांचा असा राग आला! परवा माझ्यासमोर बसून सगळं बोलल्या, माझे डोळे पाहिले, आणि तरीही माझ्या लेकीला म्हणाल्या की आईचा भरवसा नाही. मी डिकीकडं पाहिलं. आत्यांचं बॅगेचं काम झालं होतं. त्या गर्दीच्या मागं, भिंतीला टेकून एकट्या उभ्या होत्या आणि आमच्याकडंच बघत होत्या. त्यांनी हे मुद्दाम केलं होतं की खरंच त्यांना माझी खात्री नव्हती, ते मी त्यांना अजून विचारलेलं नाही. त्यांचा स्वतःचा बाप काही वाईट माणूस नव्हता, तरी त्यानं त्यांना माघारी घालवलं होतं, हे मात्र तेव्हा मला आठवलं.

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मी ऋतुजाचे दोन्ही हात धरून ठेवले. तिचा शालू माझ्या मुठीत चुरगळत होता, आणि मला सोडवत नव्हता.

"आत्यांकडं नंतर जा," मी म्हटलं. "आधी माझं दार वाजव."