सीलबंद फोनातला चोर

ॲडव्होकेट सूर्यभान गुंजाळ यांच्याइतका तल्लख माणूस नगर जिल्ह्यात दुसरा नाही, असं सावेडीत तुम्हाला कुणीही सांगणार नाही. ते सूर्यभानांना स्वतःलाच सांगावं लागे, आणि या कामात त्यांनी कधी अंग चोरलं नाही.

"माझी नजर म्हणजे एक्स-रे," खुर्चीत मागे रेलून ते अशिलाला सांगत. "फरक एवढाच, की एक्स-रेला अंधारी खोली लागते आणि मला चहा लागतो."

मग चहा मागवला जाई. पैसे अशील देई.

सूर्यभानांची उमेदीची वर्षं कर्जत-श्रीगोंद्याच्या बांधांवर गेली होती. कुणी कुणाचा बांध कोरला, कुणाच्या विहिरीत कुणाचा हिस्सा, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण भाच्याने एकदा जेवताना सांगितलं, की मामा, आता पुढचं सगळं गेमिंगमध्ये आहे. पुढच्या आठवड्यात ऑफिसवर नवा बोर्ड लागला. 'मीडिया, टेक्नॉलॉजी व गेमिंग कायद्याचे तज्ज्ञ', आणि त्याखाली, 'गुंतागुंतीचा तपास करून मिळेल'. रंगाऱ्याने तळाची 'जमीन मोजणी' तशीच ठेवली होती. ती पुसायचे त्याने वेगळे पैसे मागितले होते म्हणे.

नव्या बोर्डाखालचं खरं काम त्यांची ज्युनिअर ज्ञानेश्वरी करायची. पुण्यात शिकून आलेली पोर, करार ती लिहायची आणि सर सही करायचे. सही मात्र फार देखणी असायची. गेमिंगचं अशील अख्ख्या ऑफिसात एकच होतं, कर्जतचा पंकज.

पंकजने पुण्यातली नोकरी सोडून, घरामागच्या खोलीत बसून, दोन वर्षं खपून एक मोबाईल गेम केला होता. गावातला सर्जा नावाचा बैल चोरीला जातो आणि खेळणाऱ्याने दारोदार फिरून चोर शोधायचा. शेवटी कळतं, की सगळ्यांना पदराखाली घेणाऱ्या आजीनेच बैल लपवलाय, घरच्यांनी तो विकू नये म्हणून. सगळा जीव या शेवटात होता. बंगळुरूच्या एका कंपनीला गेम हवा होता आणि सोमवारी सह्या होत्या. अट एकच. बाजारात येण्याआधी शेवट बाहेर फुटला, तर करार रद्द.

शुक्रवारी कंपनीच्या धनश्री मॅडमचा फोन आला.

"एक व्हिडिओ पाठवलाय. बघा."

व्हिडिओ कर्जतच्या एका सलूनमधला होता. गालाला फेस लावलेला एक गडी कॅमेऱ्यात बघून सांगत होता, "म्हातारीनंच बैल लपवलाय राव! लई डेंजर म्हातारी!" मागून वस्तरेवाला मान डोलावत होता.

"सोमवारपर्यंत सांगा, हे फुटलं कसं," धनश्री मॅडम म्हणाल्या. "बाहेरच्याने चोरलं असेल तर बघता येईल. तुमच्याकडून गेलं असेल तर करार विसरा."

ज्ञानेश्वरीने करारातलं ते कलम काढून पुन्हा वाचलं. सूर्यभानांचा चेहरा मात्र लग्नाचं आमंत्रण आल्यासारखा खुलला.

"ज्ञानेश्वरी, माझा कोट!"

"अंगातच आहे, सर."

"मग निघू."

गाडीत त्यांनी तपासाची दिशा सांगितली. "पूर्ण गेम दोनच जागी. एक लॅपटॉप, पंकज गेल्या आठवड्यात कामासाठी पुण्याला गेला तेव्हा त्याच्यासोबत होता. दुसरा घरातला चाचणीचा फोन. तू मावसबहिणीच्या लग्नात जेवत होतीस, तेव्हा मी एकटा कर्जतला जाऊन तो फोन लाखेने सीलबंद करून आलो."

"लाखेने? सर, चार्जिंगच्या भोकात गेली असेल."

"तिथंच घातली. माल तिथूनच बाहेर जातो."

ज्ञानेश्वरी खिडकीबाहेर बघू लागली. मिरजगाव यायच्या आत गुन्हा चीनवर शाबीत झाला होता, कारण फोन चिनी बनावटीचा. मिरजगावला चहा झाला आणि चीन सुटला. आता संशय खताच्या कंपनीच्या एका विक्रेत्यावर होता, जो पंकजच्या घरी येऊन गेल्याचं कानावर आलं होतं. "खताचा माणूस, आणि हाताला वास नाही! ताडलंस?" सरांनी त्या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं, हे ज्ञानेश्वरीने बोलून दाखवलं नाही.

कर्जतला पंकज ओसरीवरच बसला होता. डोळे लाल झालेले. "मॅडम, दोन वर्षं आईला सांगतोय, होईल, होईल," तो ज्ञानेश्वरीला म्हणाला. "आता तिला काय तोंड दाखवू?" तिला फार वाईट वाटलं. करारातलं एकूण एक कलम तिने याच पोरासाठी भांडून घेतलं होतं.

तेवढ्यात त्याची आई चांगुणाबाई पाणी घेऊन आली. सूर्यभानांनी तिच्या पायांकडे एक्स-रे टाकला.

"वहिनी, पायाला ताजा चिखल! म्हणजे तुम्ही रानात होता, घर उघडं होतं, आणि चोराने तेवढ्यात डाव साधला!"

"न्हाई वो. दारातला नळ फुटलाय. तुमच्या बी बुटाला लागलाय की."

सूर्यभानांनी बूट झटकला आणि कपाट उघडायला लावलं. कुलूप शाबूत, सील शाबूत. लाखेच्या थराखाली फोन नावाची वस्तू आहे, हे सांगूनच कळलं असतं. सर बराच वेळ त्याच्याभोवती फिरले. मग त्यांची नजर भिंतीवरच्या टीव्हीवर गेली.

"हा स्मार्ट आहे?"

"असंल," चांगुणाबाई म्हणाली. "दिसायला तर बराय."

"ऐकतोय तो आपलं! ज्ञानेश्वरी, टीव्हीवर टॉवेल टाक." तिने टाकला. सरांनी आवाज खाली आणला. "वहिनी, आता नीट आठवा. हा फोन कुणी कुणी पाहिला?"

"कोनीच न्हाई. पंच सोडून."

"पंच सोडाच. खताचा माणूस आत आला होता?"

"न्हाई बा. वट्यावरूनच गेला. आत पंच बसले हुते ना."

"पुन्हा पंच! अहो वहिनी, पंच म्हणजे कायद्याचे डोळे. त्यांना माणसात धरायचं नसतं."

ज्ञानेश्वरीचा पेन थांबला. "मावशी, कोणते पंच?"

"अगं बाई, तुला ठावं न्हाई?" चांगुणाबाई चकित झाली. "साहेबांनीच बसवले की! आपल्या चार बाजूचे शेजारी बोलवा म्हनले. आप्पासाहेब आलं, सलूनवाला आला, डेरीवालं आलं. चवथ्या अंगाला रस्ता हाय, म्हून साहेबांनी रस्त्यानं चाललेला एक धरून आनला. समद्यास्नी पार शेवटापातूर खेळाय लावलं. मी दोनदा च्या केला. म्हातारीनं बैल लपवल्याला दिसला तवा आप्पासाहेब तर रडलं. आन मंग साहेबांनी फोनावर लाख वतली."

ज्ञानेश्वरीने पेनाचं टोपण लावलं आणि सरांकडे बघितलं.

"मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करण्याआधी," सूर्यभान पूर्ण रुबाबात म्हणाले, "चारी बाजूंच्या शेजाऱ्यांसमक्ष पाहणी करतात. उद्या कुणी हरकत घेतली तर? आणि शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय त्यांनी 'समक्ष पाहिले' म्हणून सही कशी करायची? खोटी सही हा गुन्हा आहे."

"सर, त्यांना गप्प राहायला तरी सांगितलं होतं?"

"पंचाने गप्प राहायचं नसतं. विचारलं की सांगायचं असतं. त्याच्यासाठीच तर तो पंच!"

"साहेब," पंकजचा आवाज फाटला, "माझा गेम म्हणजे काय लिंबोणीचा बांध होता का?"

सूर्यभान पहिल्यांदाच खाली बघू लागले. पण ते फार वेळ टिकलं नाही. "मी धनश्री मॅडमला चीनचं सांगतो," म्हणून त्यांनी फोन काढला. ज्ञानेश्वरीने तो त्यांच्या हातातून घेतला. असं तिने आजवर केलं नव्हतं. खोटं आज खपलं असतं, पण उद्या उघडं पडलं की पोर कायमचं बाद झालं असतं. तिने पंच, चहा, लाख, आप्पासाहेबांचं रडणं, सगळं सांगून टाकलं.

पलीकडे धनश्री मॅडम हसल्या की खोकल्या, कळलं नाही. "तो सलूनमधला व्हिडिओ आमच्या ऑफिसात सगळे पुन्हा पुन्हा बघतायत. गेम हातचा सोडवत नाही हो. पण हा शेवट गेला. पंकजला विचारा, सोमवारपर्यंत नवा चोर देतो का."

पंकजने डोळे पुसले. विचार करत त्याने खोलीभर नजर फिरवली. सूर्यभान टॉवेलचं टोक उचलून टीव्हीच्या मागे काय आहे ते बघत होते. पंकजची नजर तिथंच थांबली. मग तो ज्ञानेश्वरीच्या कानात काहीतरी पुटपुटला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

सोमवारी सह्या झाल्या. करारात ज्ञानेश्वरीने एक कलम वाढवलं होतं. नवा शेवट गेमकर्त्याच्या वरिष्ठ वकिलांना कुणीही, कधीही, कोणत्याही परिस्थितीत सांगू नये. सूर्यभानांनी ते दोनदा वाचलं.

"कडक कलम आहे. कुणी घातलं?"

"मी, सर."

"शिकते आहेस," म्हणून त्यांनी आपली देखणी सही केली.

गेम बाजारात आला आणि चालला. चांगुणाबाईने गल्लीत पेढे वाटले. बदललेल्या गेममध्ये काळ्या कोटातला एक वकील पहिल्यापासून खेळणाऱ्याच्या सोबत असतो. बैल शोधायला तोच सगळ्यात पुढे, दर घरी पंचनामा तोच करतो, आणि बैल असतो त्याच्याच गोठ्यात. कर्जतला हसून हसून लोकांची पुरेवाट झाली.

सावेडीत सूर्यभान मात्र ऑफिसचं दार लावून खेळत बसलेत. बाहेर अशिलं ताटकळतात. काल संध्याकाळी त्यांनी आतून हाक मारली.

"ज्ञानेश्वरी! सापडला चोर. आजी!"

"गेम काय म्हणतोय, सर?"

"गेम म्हणतोय, पुन्हा प्रयत्न करा. बारावी खेप ही." सूर्यभान तुच्छतेने म्हणाले. "गेमच चुकलाय. अगं, त्या अख्ख्या गावात डोकं असलेला माणूस एकच, तो वकील. आणि तोही पहिल्यापासून म्हणतोय, आजीच!"