हैबतजी तांबट यांनी घर घेतले त्याची हकीकत

श्री वास्तुदेवतेचे चरणीं मस्तक ठेवून, शके सोळाशे बारा, प्रमोदनाम संवत्सरीं, भाद्रपद वद्य पक्षीं जें वर्तमान जाहलें तें जैसें ऐकिलें तैसें लिहितों. एका राज्यीं हैबतजी तांबट म्हणून भले गृहस्थ होते, आणि त्यांचें कुटुंब गोदूबाई यांस नववा मास लागला होता, आणि भाड्याचें बिऱ्हाड दसऱ्यापूर्वीं सोडणें प्राप्त जाहलें, म्हणून पितृपक्षही न पाहतां त्यांनीं अंताजी सराफ यांचें घर घेऊं केलें, आणि होतें नव्हतें तें विसारास दिलें. मग खरेदीखताचे दिवशीं भर दोनप्रहरीं पंच आणि दरबारचे चिटणीस मिळाले. राज्याचा दंडक ऐसा कीं, शिक्क्यापूर्वीं दारापुढें तीनदां दवंडी द्यावी, दरबारचा निवाडा होऊनही ज्याचें येणें घरधन्यानें दिलें नसेल त्यानें उंबऱ्यावर येऊन बसावें, आणि तो उठेतों कोणीं आंत पाऊल घालूं नये. दवंडी जाहली, आणि भागूबाई साळीण येऊन बसल्या. बाईंचे लुगड्यांचें मोल अंताजींनीं बुडविलें होतें, दरबारानें तें देवविण्याचा निवाडा केला होता, आणि तो तैसाच राहून बाई पांच वर्षांमागें वारल्या होत्या. पंचांनीं पाहिलें, आणि पाहिलें ऐसें कोणीं म्हटलें नाहीं. दवंडीवाला मात्र हलगी काखेस मारून चालता जाहला.

चिटणीस कागदावरून नजर न काढतां बोलिले, "निवाडा घराला लागला आहे. बाईंचा वारस त्यांचा भाचा; किमतीतून आधी त्याचं भागवा, मग शिक्का." अंताजी अडून बसले कीं, ऐसें असेल तर घर विकणें नाहीं आणि विसारही परत देणें नाहीं. तेव्हां हैबतजींचे मनांत आलें कीं, बाई तर मेल्या, आतां मागणार कोण? आणि बोलून गेले, "लिहा. निवाडा आम्ही आमच्या शिरी घेतला." चिटणीसांनीं एकवार त्यांजकडे पाहिलें, लिहिलें, आणि शिक्का उमटला. बाई उठल्या, उंबरा मोकळा जाहला, आणि हैबतजींस हायसें वाटलें.

मग गोदूबाईंनीं नव्या चुलीवर पहिला स्वयंपाक केला आणि तीन पानें मांडिलीं. हैबतजींनीं पुसिलें कीं, तिसरें कोणाचें?

"अहो, त्या बाईंचं," गोदूबाई म्हणाल्या. "माजघरात बसल्यात. माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, यानं नाही दिलं तर हा देईल. मला घाई नाही."

दुसरे दिवशीं हैबतजी भाच्यास शोधूं गेले, तों तो तीन वर्षांमागें देशांतरास गेला, कोठें तें कोणास ठाऊक नाहीं.

सारांश, घर मिळालें आणि दसऱ्यास पुत्र जाहला. बाळ रडूं लागलें म्हणजे कोणी उठण्याआधींच पाळणा हलूं लागतो. हैबतजी कमरेस रकमेची थैली बांधून अद्याप गांवोगांव भाच्याचा शोध करीत आहेत. एवढीच हकीकत, लेखनमर्यादा.