जिथून उचललं, तिथंच

पाठारेबाईंच्या घरात सध्या काशीगाव फ्रिजवर झोपतो, सिल्व्हर पार्कच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब घालावे लागतात आणि घोडबंदर कुणालाही अंगाला हात लावू देत नाही. काशीगाव हा एक कान फाटलेला बोका आहे. सिल्व्हर पार्क हे ओंजळीत मावणारं पिल्लू. आणि घोडबंदर ही राखाडी रंगाची, मागचा पाय मोडून आलेली, अत्यंत तुसडी मांजरी. बाई मांजरांना नाव देत नाहीत. मांजर जिथे सापडलं, त्या जागेच्या नावाने ते ओळखायचं आणि बरं झालं की त्याच जागी नेऊन सोडायचं.

"नाव दिलं की लळा लागतो, आणि लळा लागला की आपण पत्ता विसरतो," त्या म्हणतात. "जिथून उचललं, तिथंच ठेवायचं. फोनच्या रिसीव्हरसारखं. बाहेर राहिला की लाइन मेली."

यात तथ्य आहे, हे मला नंतर कळलं. रस्त्यावरच्या मांजराला त्याचा कोपरा ठाऊक असतो. खाणं कुठे मिळतं, लपायचं कुठे, कोणता कुत्रा नुसताच भुंकतो, हे सगळं. दुसरीकडे सोडलं, तर तिथली मांजरं त्याला टिकू देत नाहीत. पण हे ठाऊक नसलेल्या माणसाने बाईंना लिफ्टमध्ये फोनवर बोलताना ऐकलं, की त्याची पंचाईत होते. "डॉक्टर, घोडबंदरने कालपासून काही खाल्लेलं नाही. काशीगावने मात्र दोघांचं खाल्लं." त्या दिवशी लिफ्टमध्ये एक नवी भाडेकरू मुलगी होती. ती मजल्यांचे आकडे इतक्या मन लावून वाचत राहिली, की तिचा मजला येऊन गेला.

पाठारेबाई सत्तरीच्या आसपास असाव्यात. अंगकाठी किरकोळ, चष्मा जाड, मांजर हाताळताना अंगात भर उन्हाळ्यात रेनकोट आणि हातांत भांडी घासायचे दोन-दोन रबरी मोजे. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडण्यात गेली. तो आवाज अजून शाबूत आहे. स्वच्छ, किंचित नाकातला, आणि कुणाचा जन्म असो वा मृत्यू, सारख्याच अंतरावरून येणारा. दार वाजवलं की आतून "होल्ड करा" असं ऐकू येतं. दोन बोके भांडले की "क्रॉस कनेक्शन." आणि समोरचा माणूस लांबण लावायला लागला, की तेव्हाच्या ट्रंक कॉलवर सांगत तसं त्या सांगतात, "तीन मिनिटं झाली."

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी पाण्याच्या टाकीवर बोलायला उभा होतो. टाकीचा इतिहास संपवून मी वर्तमानाकडे वळत होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "तीन मिनिटं झाली." मी बसलो. त्या आवाजात असं काही आहे, की माणूस बसतोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्या भाषणाला होत्या, असं मी घरी सांगितलं.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. सोसायटीच्या नावात 'पॅराडाइज' हा शब्द आहे, त्यावरून ती मीरा रोडला आहे हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल. ज्या सभेला मी गैरहजर होतो, त्या सभेत माझी एकमताने निवड झाली. मी खूप वाचतो, असं कारण देण्यात आलं. खूप वाचणाऱ्या माणसाला दुसरं काही येत नसल्यामुळे त्याच्याकडे वेळ असतो, असा त्यामागचा विचार असावा.

मांजरांबद्दल तक्रारी आल्या, तेव्हा मी नोटीस लिहिली. दीड पान. 'मार्जार' हा शब्द तीनदा आणि 'सहजीवन' दोनदा. माझी बायको वैशाली ती वाचून म्हणाली, "छान झालीय. पण मांजरं ठेवायची की काढायची?" वॉचमन यादवने ती फळ्यावर लावली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "साहब, इसमें पानी कब आएगा, वो लिखा है?"

मग एक प्रत स्वतःच्या हाताने द्यावी, म्हणून मी पाठारेबाईंच्या दारात उभा राहिलो. दारावर नावाची पाटी नव्हती, नुसता फ्लॅटचा आकडा. "होल्ड करा," आतून आवाज आला, दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. "डोकं वर धरा. हलू नका. श्वास घ्या, पण हळू." ते सिल्व्हर पार्क होतं. त्याचे डोळे चिकटलेले होते आणि अंगात एवढी थरथर, की मला वाटलं माझेच हात कापतायत. बाई कोमट पाण्याच्या कापसाने एकेक डोळा पुसत राहिल्या. एक डोळा उघडला. निळसर, गढूळ आणि माझ्याविषयी फारसं चांगलं मत नसलेला.

घरी आल्यावर लक्षात आलं, की नोटीस द्यायची राहिली. ती सिल्व्हर पार्कखाली अंथरली गेली होती. तिचा तेवढा चांगला उपयोग मी लिहिलेल्या दुसऱ्या कशाचाही झालेला नाही.

पुढे कमिटीची बैठक झाली. आमचे खजिनदार जिग्नेशभाई सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांच्या मुलाच्या सायकलच्या सीटवर एका बोक्याने आपली सही केली होती. ते म्हणाले, "देखो बेन, बीमार है तो रखो, दवा करो, पुण्य का काम है. पण परमनन्ट नहीं चलेगा हां."

"परमनंट इथे कोण आहे?" पाठारेबाई म्हणाल्या. "मी तरी कुठे आहे? आम्ही इथे तात्पुरते आलोय. बरं झालेलं एकही मांजर मी घरात ठेवणार नाही. शब्द देते. ठेवलं, तर सगळी बाहेर काढा."

हे बाईंचं नेहमीचं. आम्ही इथे राहायला आलो, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या इथे तात्पुरत्या होत्या. मूळच्या माझगावच्या. चाळ पाडून तिथे टॉवर होणार होता, तोवर आई आणि त्या मीरा रोडला आल्या. त्यांच्या आतल्या खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली आहेत, सुतळीने बांधलेली, वर जाड अक्षरांत लिहिलेली. 'माझगाव, स्वयंपाक'. 'माझगाव, पुढची खोली'. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "तुम्ही कुठे निघालात का?"

"हो," त्या म्हणाल्या, आणि काशीगावला गोळी भरवायला गेल्या.

घोडबंदर आली ती हिराबाईंमुळे. त्या घोडबंदरच्या खाडीकाठी मासळीची टोपली घेऊन बसतात आणि बाई त्यांच्याकडून माशांची डोकी नेतात. हिराबाईंचा फोन आला, "बाय, तुजी एक मांजर हितं होडीखाली पडलीय. गाडीनं उडवली. जित्ती हाय." तेव्हापासून माझी गाडी या कामाला लागली. त्याआधी मी ती दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. गाडीतून पिंजरा आणताना मी घोडबंदरशी दोन शब्द मायेचे बोलायला वाकलो. तिने माझ्या नाकावर जी खूण केली, ती अजून आहे. लोक विचारतात, तेव्हा मी दाढी करताना कापलं म्हणून सांगतो. नाकावर दाढी कुणाला येते, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

पाय जोडला गेला. महिनाभराहून जास्त ती मोठ्या पिंजऱ्यात होती, वर चादर, खाली वर्तमानपत्र. बाई तिच्याशी बोलत नसत, जेवण सरकवत आणि पाठ फिरवत. "ओळख वाढवायची नाही. तिला परत जायचंय." एका सकाळी तिने पिंजऱ्यातल्या फळीवर उडी मारली आणि डॉक्टरांनी सोडायला हरकत नाही म्हणून सांगितलं. लगेच आम्ही निघालो. निरोप वगैरे प्रकार बाईंना मान्य नाही. "बोलणं झालं की कट करायचं," म्हणाल्या. फक्त रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मांडीवरचा छोटा पिंजरा दोन्ही हातांनी उचलून धरत होत्या आणि माझ्या गाडी चालवण्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हत्या. हे लक्षण ठीक नव्हतं.

खाडीपाशी पोचलो तर होडी नव्हती. होडीमागची झुडपं नव्हती. चहाची टपरी नव्हती. उंच निळे पत्रे उभे होते आणि आत कुठलंसं यंत्र जमीन खणत होतं. रस्त्यापलीकडे छत्रीखाली हिराबाई टोपली घेऊन बसल्या होत्या.

"काय बगतंस बाय?" त्या ओरडल्या. "हितं आता कायबी न्हाय. होडी गेली, माजी जागा पन गेली. मी बग, ह्या अंगाला सरकलंय."

"आणि बाकीची मांजरं?"

"ती काय सांगून जातांन व्हय?"

पिंजऱ्यातून एक बारीक, रागीट आवाज आला. मला वाटलं, अशा प्रसंगी सुशिक्षित माणसाने काहीतरी बोललं पाहिजे. मी म्हणालो, थोडं पुढे किल्ल्याच्या बाजूला झाडी आहे, तिकडे सोडू, शेवटी सजीवांचा सगळा इतिहास म्हणजे जुळवून घेण्याचा...

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. पण हळू. मी तीस सेकंदसुद्धा बोललो नव्हतो.

त्या पत्र्यापर्यंत गेल्या आणि त्याला हात लावून उभ्या राहिल्या.

"माझगावला आमच्याकडे पण असेच लावले होते," त्या म्हणाल्या. "निळेच. आई रोज संध्याकाळी विचारायची, पत्रे काढले का गं? मी म्हणायचे, नंबर लावतेय. तिला बरं वाटायचं. एक्स्चेंजमधली मुलगी सांगतेय म्हणजे लागणारच. शेवटी शेवटी तिला मी कोण ते कळत नव्हतं, पण पत्र्यांचं तेवढं विचारायची." यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं. "मी अजून दिवाळीत जाऊन बघून येते. बाहेरून. टॉवर झालाच नाही, आत गाड्या उभ्या करतात आता."

मी काही बोललो नाही. माझ्या आयुष्यातला हा दुर्मीळ प्रसंग म्हणून मुद्दाम नोंदवतो.

"हिला असं कुठेही टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "चला."

परत आलो तर लिफ्टपाशी नेमके जिग्नेशभाई. त्यांनी पिंजरा पाहिला. "अरे, इसको तो छोडने गए थे ना?"

बाई पिंजऱ्यावरची चादर सारखी करायला लागल्या. कमिटीसमोर दिलेला शब्द त्यांना आठवत होता. मलाही आठवत होता, इतिवृत्त मीच लिहिलं होतं.

"तात्पुरती व्यवस्था आहे," मी सेक्रेटरीच्या आवाजात म्हणालो.

"कितना टाइम?"

"नंबर लावतोय."

जिग्नेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग माझ्या नाकावरच्या खुणेकडे. "लगाओ, लगाओ," म्हणाले, आणि आम्ही पिंजरा आत घेईपर्यंत लिफ्टचं दार धरून उभे राहिले.

घरी बाईंनी आतल्या खोलीचं दार लावून पिंजरा उघडला. घोडबंदर राखाडी रेघेसारखी बाहेर पडली आणि दोन खोक्यांच्या फटीत घुसली. फट अरुंद होती. तिचा जोडलेला पाय बाहेर राहिला. ती तो ओढून घेत होती आणि तो आत मावत नव्हता.

बाईंनी वाकून पाहिलं. "सेक्रेटरी, स्वयंपाकघरातनं कात्री आणा."

त्यांनी वरचं खोकं खाली घ्यायला लावलं. त्यावर नुसतं 'आई' लिहिलेलं होतं. सुतळी इतकी जुनी होती, की कात्री लागताच तिचा भुगा झाला. आत एक गोधडी, तपकिरीची डबी, एका काडीचा चष्मा आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली लाकडी पाटी. 'पाठारे'. पितळी अक्षरं काळी पडलेली. बाईंनी रिकामं खोकं आडवं केलं, आत गोधडी अंथरली आणि ते फटीच्या तोंडाशी सरकवलं. आम्ही चहाला बाहेर आलो. कप ठेवून पुन्हा डोकावलो, तेव्हा खोक्यातून शेपटीचं टोक दिसत होतं.

"आता हिला काय म्हणायचं?" मी विचारलं.

"घोडबंदर. दुसरं काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे ड्रिल मशीन आहे का. आहे. लग्नाच्या वाढदिवसाला वैशालीने दिलं होतं, तिच्या मते विनोद म्हणून. मी पहिलं भोक चुकीच्या जागी पाडलं, दुसरं त्याच्या शेजारी, आणि तिसऱ्याला दाराशेजारी पाटी लागली. डावीकडे किंचित उतरती, पण लागली. पितळ घासल्यामुळे अक्षरं चांगलीच चमकत होती.

बाई दोन पावलं मागे जाऊन बघत उभ्या राहिल्या. पाटी वाकडी का लागली, याचा खुलासा करणं मला भाग होतं. मी सांगितलं, की दोष माझा नसून भिंतीचा आहे, या भागातल्या बांधकामात वाळू पहिल्यापासूनच संशयास्पद, आणि मुळात सरळ रेषा ही कल्पनाच तपासून पाहिली पाहिजे. मी बराच वेळ बोललो. वरच्या मजल्यावर जाऊन लिफ्ट परत खाली गेली, तरी बोलत होतो.

तीन मिनिटं झाली, असं त्या म्हणाल्या नाहीत.