कढईची छत्री

गच्चीवरच्या डिशची छत्री दोन बोटं उजवीकडे वळवावी, एवढंच मुनव्वरनं शनिवारी सकाळी ठरवलं. टीव्ही चांगला चालला होता. पण चांगलं चाललेलं त्याला बघवत नसे. कागलच्या एमआयडीसीत तो माल तपासायचा आणि घरी आला की भाकरीचा गोल मोजायचा (बायको सबिना उलथनं उगारेपर्यंत).

वळवता वळवता छत्री निसटली, दोन मजले खाली गेली आणि पापडासारखी मुडपली.

एरवी हे खपलं असतं हो. पण रविवारी चार वाजता खुद्द सबिनाच टीव्हीवर पांढरा रस्सा करताना दिसणार होती, आणि ते बघायला पेठ वडगावहून तिची आई ताजबी येणार होती!

"अम्मीला काय तोंड दाखवू मी?" सबिनाचे डोळे भरले.

"अब्बा, मोबाइलवर दिसतंय की!" लेक अफसाना म्हणाली.

"माझी बायको काय तळहाताएवढी बघायची? छत्री मी बनवतो!"

आधी त्यानं पावसाळी छत्रीला आतून चपात्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवला. ती वाऱ्यानं उलटी झाली. मग परात आणली, ती फारच सपाट निघाली. शेवटी भज्यांची मोठी कढई मोजपट्टीनं मोजून पास केली आणि पडलेल्या छत्रीचा सिग्नल पकडणारा शाबूत डोळा तारेनं तिच्यापुढं बांधला. फक्त ती दोन्ही हातांनी धरून उभं राहावं लागत होतं.

रविवारी चारला पाच कमी असताना गच्चीवरून हाक गेली, "दिसतंय का?"

"न्हाय!" खालून सबिना.

"आता?"

"न्हाय वो!"

त्यानं कढई जरा पन्हाळ्याकडं वळवली. "आता?"

खाली कुजबुज झाली. मग आवाज आला, "दिसतंय, दिसतंय! हलू नगासा!"

मुनव्वरचा जीव भांड्यात पडला (म्हणजे कढईतच). नाक खाजलं, त्यानं खाजवलं नाही. जुन्या तेलाचा ओघळ कोपरापर्यंत आला, तरी तो हलला नाही. खालून टाळ्या ऐकू आल्या तेव्हा मात्र त्याला रडूच फुटलं. अर्धा तास तो तसाच उभा होता.

कढई पोटाशी धरून तो खाली आला. ताजबी डोळे पुसत होती. "जावई, काय झ्याक दिसली ओ माझी पोरगी!"

सुटलो बाबा, असं मनात म्हणत त्यानं टीव्हीकडं पाहिलं. पडद्यावर 'सिग्नल नाही' अशी पाटी होती. टीव्हीसमोर तांब्याला टेकवून अफसानाचा मोबाइल उभा होता आणि सगळे त्याच्याभोवती दाटीवाटीनं बसले होते.

"मग मला हलू नगासा का म्हणलीस?"

सबिनानं त्याच्या हातातली कढई काढून घेतली. "खाली आला असतासा, तर मोबाइलबी खोलून बसला असतासा की!"