मासा खिडकीला, काकडी दाराला

भात कालवला म्हणून मला एका घरातून बाहेर काढण्यात आलं आहे. चोरी केली नाही, कुणाला शिवी दिली नाही, चपला घालून देवघरात शिरलो नाही. फक्त भात कालवला. समोर भात आल्यावर मराठी माणूस दुसरं काय करतो? पण मार्गासनीच्या नामदेवतात्यांनी माझं मनगट धरलं, मला पाटावरून उठवलं, उंबऱ्यापर्यंत आणलं आणि म्हणाले, "मास्तर, उतरा खाली." जसा काही मी विनातिकीट सापडलो होतो.

तात्या तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, स्वारगेट-वेल्हे गाडीवर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडी काही त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. ज्यानं त्यानं आपल्या जागेवर बसावं, एवढा एकच कायदा ते मानतात आणि तो सगळ्या जगाला लावतात. ग्रामसभेत कुणी दारात रेंगाळला की हे मागून ओरडणार, "म्होरं सरका, आत जागा हाय." शेजारच्या म्हशीनं खुंटा सोडून दुसरीकडं बैठक मारली तर तिलाही उठवून "जागंवर" पाठवणार. मी गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर, चार वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतोय. माझी मोटारसायकल त्यांनी किती वेळा सरळ करून ठेवली, याची मोजदाद मी सोडून दिली आहे.

हे सगळं मी सोसलं. पण माणूस जेव्हा जेवणात हात घालतो तेव्हा सोसण्याला मर्यादा येते.

झालं असं, की तात्यांची मुलगी मंगल पुण्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करते. तिथं जपानी साहेब येतात आणि त्यांच्यासाठी वाडग्यात भात, भातावर मासा आणि कच्च्या भाज्या असं काहीतरी करावं लागतं. दिवाळीला आली तेव्हा तिनं ते घरी करून दाखवलं. पटकन होतं, तेल नाही, पोटाला हलकं. तिचं म्हणणं तेवढंच होतं. ज्या माणसानं जन्मात चुलीपुढं फुंकणी धरली नव्हती, तो माणूस दुसऱ्या दिवसापासून गॅसपुढं उभा राहिला आणि अजून हललेला नाही.

आता ते वाडगं कसं होतं ते सांगतो, म्हणजे माझा राग समजेल. आपल्या वेल्ह्याकडचा इंद्रायणी तांदूळ, ज्याचा वास तीन घरं ओलांडून जातो, तो हे मिठाशिवाय शिजवणार. वर लिंबू पिळणार. धरणावरची ताजी चिलापी आणणार आणि तिचे काटे काढत ओसरीवर बसणार. नाकावर चष्मा, हातात चिमटा आणि दिवसाउजेडी मोबाईलची बॅटरी लावलेली. एकेक तुकडा चार वेळा बोटानं चाचपणार. मग त्याला आलं आणि सोया सॉस लावणार, तोही औषधाच्या ड्रॉपरनं, चार थेंब. तव्यावर इकडून तिकडून भाजला की झाला. मसाला नाही, कोकम नाही, खोबरं नाही. माशाचा जीव घ्यायचा आणि त्याचं कालवण करायचं नाही, हा माझ्या मते अन्याय आहे. पण तात्या घड्याळाकडं बोट दाखवून म्हणणार, "भात तयार आसंल तर अकरा मिन्टं. हितनं सुटल्याली गाडी विंझरला पोचायच्या आत वाडगं तयार."

मग बैठकव्यवस्था. वाडगी स्टीलची, मंगलच्या लग्नाच्या वेळी घेतलेली, प्रत्येकावर तात्यांच्या बायकोचं, हौसाकाकूंचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. नाव खाणाऱ्याकडं आलंच पाहिजे. वाडगं तसूभर फिरलं तरी तात्या उठून सरळ करतात. "भात आपल्याकडं, मासा खिडकीला, काकडी दाराला, गाजराचा कीस मागच्या बाकावर. कुनी कुनाच्या जागंवर जायचं न्हाई." शेवटी चमच्यानं वाडग्यावर दोनदा टणटण करणार. डबल बेल. मग जेवायचं. त्याआधी घास उचललात तर वाडगं काढून घेतलं जातं, हेही मी अनुभवलं आहे.

गाव हसायचं. पारावर कुणी विचारायचं, "तात्या, आज जपानला किती वाजता पोचली गाडी?" तात्या ढिम्म. मला मात्र हसू येत नव्हतं, आणि त्याचं कारण काकू.

हौसाकाकूंच्या हातचं माशाचं कालवण मी खाल्लेलं आहे. या गावात बदली होऊन आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी वाटीभर पाठवलं होतं, आणि मी बदलीविरुद्धचा अर्ज फाडून टाकला होता. पुढं साखरेनं त्यांचे डोळे गेले. दोन वर्षं झाली, त्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं. कालवण बंद झालं. काकू चारचौघांत जेवायच्या बंद झाल्या, लग्नकार्याला जायच्या बंद झाल्या. पहिलं वर्षभर तर त्या इतक्या वाळल्या, की ओसरीवर बसलेल्या ओळखू येईनात. आणि अशा बाईला हा माणूस आपल्या नादापायी रोज सपक जपानी भात घालतोय. ती बिचारी बोलणार नाही, म्हणून हा कंडक्टर तिच्या ताटावरही शिट्टी मारणार. मला याची मनापासून चीड होती.

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. तात्यांनी मला जेवायला बोलावलं. घरून आईनं कालवणाचा डबा दिला होता, तो मी मुद्दाम बरोबर नेला. तात्या पाणी आणायला आत गेले. मला वाटलं, आता काकूंवर होणारा अन्याय थांबवण्याची हीच वेळ. मी त्यांचं वाडगं ओढलं, त्यात कालवण ओतलं आणि चांगलं पाच बोटांनी कालवलं. होय, कालवला तो भात माझा नव्हता, काकूंचा होता. म्हटलं, "काकू, घ्या. आज माणसांसारखं जेवा."

काकूंनी हात पुढं केला. बोटं वाडग्यात टेकली आणि तिथंच थांबली. मग त्यांनी हात हळूच पदराखाली घेतला. "भूक न्हाई मला, मास्तर," म्हणाल्या. एवढ्यात तात्या आले, वाडगं बघितलं, आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

रात्रभर मी धुमसत होतो. दुसऱ्या दिवशी रविवार. कामासाठी नसरापूरला गेलो. तात्याही दर रविवारी सकाळी नसरापूरला जातात, चायनीजच्या गाडीवाल्याकडून सोया सॉस आणायला. रोज चार थेंब वापरणाऱ्या माणसाला दर रविवारी सॉस आणायला का जावं लागतं, हे इतक्या दिवसांत मला सुचलं नव्हतं. मुलांना गणित शिकवतो मी.

स्टँडजवळच्या खाणावळीत पाणी प्यायला शिरलो आणि पाहतो तो काय, कोपऱ्यात नामदेवतात्या. पुढं ताट. ताटात मासा, लालभडक कालवण, भात. आणि तात्या तो भात मनगटापर्यंत हात बुडवून कालवत होते. काटा चोखत होते. मिटक्या मारत होते.

मी सरळ त्यांच्या टेबलाशी गेलो. "तात्या," मी म्हटलं, "लाज वाटत नाही? काकूंना तिथं गवत चारायचं आणि आपण इथं..."

तात्यांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला. जागेवर. म्हणाले, "बसा मास्तर. उभ्यानं बोलू नका, वाट आडतीया."

मी बसलो, पण राग बसला नव्हता.

"पयलं वरीस म्या तिला कालवून भरवत हुतो," ते म्हणाले. "दोन घास झालं की म्हनायची, प्वाट भरलं. दोन घासात कुठं प्वाट भरतंय? साऱ्या गावाला वाढल्याली बाई ती, दुसऱ्यानं भरवल्यालं तिला गिळंना. हातात ताट दिलं तर समदं एकात एक. काटा कुठं, मिरची कुठं, काय कळायचं न्हाई. अंगावर सांडायचं. मग जेवनच सोडलं तिनं."

तात्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"आमच्या गाडीत आंधळं मानूस चढायचं, तवा म्या काय करायचो? एकदा जागा दावायची. दुसऱ्या खेपंला त्यो आपला आपन जाऊन बसतो. मंगलनं वाडगं मांडलं आन् मला त्येच दिसलं. मासा खिडकीला म्हंजी रोज खिडकीला. नावाचं ठिपकं अंगठ्याला लागलं की झालं, समदी गाडी तिला पाठ. आता वाडगं चाटूनपुसून साफ करती, आपल्या हातानं."

"मग काल सांगायचं होतंत मला."

"तिच्या म्होरं?" तात्या एकदम तडकले. "तिच्या म्होरं काय सांगू, हिला दिसत न्हाई म्हनून कालवू नका? मास्तर हाय का कोन तुमी?"

काल पदराखाली गेलेला तो हात आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तात्यांनी उरलेला भात संपवला, दोनदा साबण लावून हात धुतले आणि नाकाशी नेऊन तपासले. "तिला म्हायती न्हाई ह्ये," ते खाली बघत म्हणाले. "मला बी त्ये रोज जात न्हाई वो घशाखाली. पन ती एकटीच सपक खानार, मंग कसं?"

एकाच गाडीनं परतलो. अकरा मिनिटांत वाडगी तयार झाली, मलाही एक मिळालं. टणटण झाली. काकूंचा अंगठा वाडग्याच्या कडेवरून फिरला, नावावर थांबला, आणि हात सरळ खिडकीला गेला. माशाचा तुकडा अलगद उचलला. एक शीत सांडलं नाही. तात्या भरल्या पोटी मान खाली घालून आपलं वाडगं संपवत होते.

ते मांजराला काटे घालायला मागं गेले, तशा काकू माझ्याकडं झुकल्या.

"मास्तर, नसरापूरला जेवताना घावलं का वो ह्ये?"

मी घाईनं मागच्या दाराकडं पाहिलं.

"हाताला वास येतो. साबनानं कुठं जातोय माशाचा वास? म्या जल्मभर त्येच रांधलं." काकू हसल्या. "लई सपक असतं वो ह्ये वाडगं. पन म्या ह्या हातानं खाते. आन् ते बी माझ्यासंगं रोज खात्यात. तवा मला ठावं हाय म्हनून त्यास्नी बोलू नका. न्हाईतर नसरापूरला जायचं बंद करतील."

तात्या परत आले. "काय गप्पा चालल्यात? जेवा, जेवा. गाडीला येळ होतोय."

मी वाडगं फिरवून काकूंचं नाव माझ्याकडं केलं आणि न कालवता जेवलो.